जिन्यावरची पाठ

तिकिटाच्या रांगेत उभं असताना शिंप्याच्या बायकोने पुन्हा विचारलं, "जिना दाखवतात ना हो नक्की?"

"दाखवतील की. तिकीट घेऊन नुसतं अंगण थोडंच दाखवणार आहेत?" शिंपी म्हणाला. मनातून मात्र त्याला वाटत होतं, की आज नेमका जिनाच बंद निघाला तर किती बरं होईल. दुरुस्ती म्हणा, रंगकाम म्हणा, काहीही चालेल. बायको हिरमुसेल, दोन दिवस धड जेवणार नाही, पण निभावून जाईल.

हवेली चांगली ऐसपैस होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिच्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. वरचा मजला कबुतरांनी ताब्यात घेतला होता आणि मालकांचे वारस एकमेकांची तोंडं बघत नव्हते. मग त्या जुन्या काळातल्या मालिकेचं शूटिंग इथे झालं, ती घराघरांत बघितली गेली आणि हवेलीचं नशीब फळफळलं. आता फाटकाशी बसगाड्या लागत होत्या. हिरॉईनचा चेहरा छापलेले कप विकायला होते, टोप्या होत्या, छत्र्यासुद्धा होत्या. ज्यांनी ही हवेली बांधली त्यांची तैलचित्रं शूटिंगसाठी खाली उतरवली होती, ती परत लावायची कुणाला आठवणच राहिली नाही. भिंतीवर नटांचे रंगवलेले चेहरे होते आणि लोक त्यांच्याच शेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. माणसं मरून गेली, की त्यांच्या घरात कुणीही येऊन दुसऱ्याच कुणाची नावं लावून जातं. तक्रार करायला ती थोडीच येणार आहेत?

शिंपी आणि त्याची बायको फोटोसाठी आले नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी या मालिकेत कामाला होती.

मुलीला सगळे काडी म्हणायचे. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. तिचं काम नेमकं काय, हे नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. सीन सुरू होण्याआधी दिवे जुळवावे लागतात, कॅमेरा इकडेतिकडे सरकवावा लागतो, आणि तेवढा वेळ हिरॉईनला उभं करून ठेवलं तर तिचा मेकअप उतरतो आणि पारा चढतो. म्हणून तिच्याच उंचीची एक मुलगी तिच्या जागेवर उभी करतात. दिवे त्या मुलीच्या तोंडावर जुळवले जातात. सगळं मनासारखं झालं, की मुलगी बाजूला होते आणि हिरॉईन येऊन त्या उजेडात उभी राहते. काडी ती मुलगी होती. "म्हणजे पोरीला उभं राहण्याचा पगार?" तिचा मामा म्हणाला होता. "मी बस स्टॉपवर जन्मभर फुकट उभा राहिलो की." सगळे हसले होते. काडीही हसली होती, ओठ मिटून.

मग एकदा ती घरी आली तीच खुशीत. "आई, मला एक सीन दिलाय. चेहरा नाही दिसणार. दिवा हातात घेऊन जिना चढायचा आणि वळणावरून आत जायचं. पण पाठ माझी असणार." झालं, आईने ही बातमी अख्ख्या गल्लीत वाटली. पुढच्या वेळी काडी आली तेव्हा आईने विचारलं, कसा झाला गं सीन? "झाला," काडी म्हणाली आणि ताट पुढे ओढलं. त्यानंतर ती त्याबद्दल बोलली नाही. बोलायला वेळही उरला नव्हता म्हणा. तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि दवाखान्याच्या लोकांनी धावाधाव करून शेवटी हात टेकले. मालिका लागायला तेव्हा अजून अवकाश होता.

मालिका लागली तेव्हा दोघं टीव्हीसमोर बसून राहायचे. कथा काय चाललीय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आणि एका संध्याकाळी तो सीन आला. मालकीणबाई खिडकीशी रडतेय, आणि तिच्या मागे, दूर, एक मोलकरीण दिवा घेऊन जिना चढतेय. पाठमोरी. वळणावर क्षणभर उजेड भिंतीवर हलतो आणि ती दिसेनाशी होते. बायकोने शिंप्याचं मनगट घट्ट धरलं. "आली," ती म्हणाली. "बघा, आली."

शिंप्याने बघितलं. शिंप्याचं आयुष्य लोकांच्या पाठी बघण्यात जातं. समोरून माणूस पोट आत घेतो, छाती काढतो, मान वर करतो. पाठीला ही सोंगं जमत नाहीत. ही पाठ काडीची नव्हती, हे त्याला दिवा वळणावर पोचायच्या आधी कळलं. तिचा सीन काढून दुसऱ्या कुणाला दिला असेल. का दिला असेल, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. तो सांगायला म्हणून बायकोकडे वळला आणि तिचं तोंड बघून गप्प बसला. दवाखान्यातून परत आल्यापासून त्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं. आज काहीतरी होतं.

"कशी चालतेय, नाही?" बायकोने विचारलं.

"तिचीच चाल," शिंपी म्हणाला. एवढंच म्हणाला आणि अडकला.

त्या गोष्टीला वर्ष होत आलं. रोज दुपारी बायको आतल्या खोलीत मोबाईलवर तो सीन लावायची. वळण आलं की थांबवायची आणि बघत बसायची. बाहेर दुकानात शिंप्याला मालिकेचं संगीत ऐकू यायचं आणि तो मशीनचं पायडल जोरजोरात मारायचा. खोटं एकदाच बोलून भागत नाही, त्याला रोज जेवायला घालावं लागतं. तो मूग गिळून बसला आणि खोटं बाळसं धरत गेलं.

आणि मग एक दिवस बायको म्हणाली, "वळणाच्या पुढे ती कुठे जाते हो?"

"जाणार कुठे? कॅमेरा बंद झाला की चहा प्यायला."

बायको हसली नाही. "मला ते बघायचंय," ती म्हणाली. "तिथे जाऊन बघायचंय." त्यानंतर तिने दुसरा विषय काढला नाही. शिंप्याने दुकानातली गर्दी सांगितली, स्वतःचे गुडघे सांगितले, प्रवासाची दगदग सांगितली. शेवटी सबबी संपल्या आणि दोघं बसमध्ये बसले.

दारात गाईड आली. पन्नाशीकडे झुकलेली, उंच, हसतमुख बाई. शूटिंग चाललं होतं तेव्हा ती इथे साफसफाईवर देखरेख करायची, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं. मालिका चालली आणि लोक यायला लागले, तेव्हा सगळ्या खोल्या पाठ असलेली तीच एक होती, म्हणून तिला गाईड केलं. "चला," ती म्हणाली आणि घोळक्याच्या पुढे चालू लागली.

शिंप्याची नजर सवयीने तिच्या पाठीवर गेली आणि तो दारातच थबकला. अंगावर निळं जाकीट होतं, गळ्यात शिट्टी होती, केस कापलेले होते. पण कपडे बदलले म्हणून पाठ बदलत नाही. वर्षभर आतल्या खोलीत रोज दुपारी जिना चढत होती ती ही बाई.

त्याने चोरून बायकोकडे बघितलं. तिला पत्ता नव्हता. ती छताकडे, दाराकडे, प्रत्येक कोपऱ्यात जिना शोधत होती. आता शिंप्याचा जीव टांगणीला लागला. तो बायको आणि गाईड यांच्या मधोमध चालू लागला, बायको डावीकडे गेली की तो डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. "काय मधे मधे करताय?" बायको म्हणाली.

दिवाणखान्यात टेबलावर मेणाची फळं होती आणि खुर्च्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवल्या होत्या. भिंती कॅमेऱ्याला दिसतील तेवढ्याच रंगवलेल्या, त्याच्या वर जुना पिवळा पोपडा तसाच. गाईड हे सगळं हसत हसत दाखवत होती आणि लोकांनाही फसवणूक उघडी पडल्याचा आनंद होत होता. शिंपी तिच्याजवळ सरकला. "बाई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. जिन्यापाशी..."

"मालिकेतलं ते विष कुठल्या खोलीत देतात हो?" एका जाडजूड बाईने मधेच विचारलं.

"ते स्वयंपाकघर इथलं नाहीच. ते दुसरीकडे शूट केलंय," गाईड म्हणाली. जाडजूड बाई एवढी नाराज झाली, की तिची समजूत काढता काढता गाईड पुढच्या खोलीत गेली आणि शिंप्याचं बोलणं राहून गेलं.

मग जिना आला. पडद्यावर दिसायचा त्याहून अरुंद आणि काळपट. खालच्या पायरीला दोरी बांधलेली होती. बायको सगळ्यांना सारून पुढे झाली आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आता तुमच्यासमोर कोण उभं आहे, ओळखा," गाईड म्हणाली. हे तिचं रोजचं ठरलेलं वाक्य असणार, कारण ते म्हणताना तिने दोन्ही हात पसरले. "दिवा घेऊन जिना चढणारी मोलकरीण आठवते? ती मी."

लोक हसले. दोघातिघांनी मोबाईल काढले. शिंप्याला बायकोचं तोंड दिसत नव्हतं, नुसता कठड्यावरचा हात दिसत होता.

"माझं कसलं नशीब, ऐका," गाईड सांगू लागली. "तो सीन माझा नव्हताच. हिरॉईनच्या जागी उभी राहणारी एक मुलगी होती, तिला दिला होता. मोलकरणीचा झगा घालून, केस बांधून आली बिचारी. तालीम झाली, कॅमेऱ्यातून बघितलं, तर डावा खांदा खाली. चांगला खाली. रोजच्या कपड्यांत आम्हाला कुणाला कधी दिसलं नव्हतं. पण झगा पाठीला घट्ट, त्यात लपणार कसं? डायरेक्टरसाहेब म्हणाले, दिवा एका बाजूला कलल्यासारखा दिसतोय, दुसरी कुणी बघा. आणि मी समोरच फडकं घेऊन उभी." पुन्हा हशा झाला. "तिचाच झगा काढून मला घातला. अजून गरम होता."

शिंप्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

"मग ती मुलगी?" बायकोने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"ती काय करणार? आपले कपडे घालून आली आणि उभी राहिली जागेवर. हिरॉईनचा सीन होता ना, दिवे जुळवायचे होते."

"रडली का?"

"नाही हो. काही बोलली पण नाही." गाईडने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "का, ओळखीची होती?"

बायकोने जिन्याच्या वळणाकडे बोट दाखवलं. "जरा चढून दाखवता?" ती म्हणाली.

हे मागणं गाईडला नवीन नव्हतं. तिने दोरी काढली, दिवा धरल्यासारखा हात पुढे केला आणि चढू लागली. सगळे बघत होते. पाठ सरळ, पावलं सारखी, वळणावर जरा थबकून ती आत गेली. वर्षभर बघितलेला सीन जसाच्या तसा. फरक एवढाच, की या वेळी पाठ परत वळली, तोंड दिसलं आणि ते हसत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे दुकानाकडे निघाले, आणि घाईत गाईड दोरी परत बांधायची विसरली.

घोळका गेला तशी बायको जिना चढू लागली. "अगं, वर जायला परवानगी नाहीये," शिंपी म्हणाला. तिने ऐकलं नाही. तो मागोमाग चढला. वळणाच्या पुढे काहीच नव्हतं. रंग तिथेच संपला होता. मोडक्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या, बादलीत पोछा उभा होता, आणि पलीकडे विटांनी बुजवलेलं दार. बायकोने ते सगळं बघितलं आणि ती वरच्या पायरीवर बसली.

"तीच आहे ती," ती म्हणाली. "मी रोज हिलाच बघत होते."

शिंपी तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने मान हलवली. रागावेल, बोलेल, निदान हातातली पिशवी तरी आपटेल असं त्याला वाटलं. तसं काही झालं नाही. ती बादलीकडे बघत राहिली.

"आणि ती खांदा वाकडा असलेली, ती पण आपली नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "काडीचे खांदे काय सरळ होते. लोक म्हणायचे, पोरगी उभी राहिली की बघत राहावंसं वाटतं. ती दुसरीच कुणी असणार." तिने पदराशी चाळा केला. "म्हणजे काडीला सीन मिळालाच नव्हता. मी आपली गल्लीभर सांगत फिरले. माझ्याशी खोटं कशाला बोलली हो ती? मी काय सीन मिळाला नाही म्हणून तिला घराबाहेर काढणार होते?"

शिंप्याला वाटलं, गप्प बसावं. वर्षभर गप्प बसलो, त्याच्या आधीही कितीतरी वर्षं बसलो, अजून थोडी. पण गेलेल्या पोरीला तिच्या आईने खोटारडी म्हणायचं आणि आपण ऐकून घ्यायचं, हे काही त्याला झेपेना.

"खोटं नाही बोलली," तो म्हणाला. "तीच होती ती."

"कोण?"

"डावा खांदा खाली असलेली. ती आपली काडी."

बायको त्याच्याकडे बघत राहिली.

"शाळेत होती. भराभर उंच होत होती तेव्हाची गोष्ट. शाळेचा नवा शर्ट अंगाला लावून बघत होतो, तर एक बाजू बसेना. मला वाटलं माझीच कात्री चुकली. उसवला, परत लावला, तरी तेच. आरशात तिला पण दिसलं. म्हणाली, बाबा, आईला सांगू नका. ती मला डॉक्टरांकडे ओढत नेईल, आणि सगळ्यांसमोर रडेल." तो थांबला. "तू रडली असतीस."

"मग?"

"मग काय. दोन्ही खांद्यांना पॅड घातले. उजवा पातळ, डावा जाड. वर अस्तर. धुवायला टाकला तरी हाताला काही वेगळं लागणार नाही असा बसवायचो. ती वाढत गेली तसा डावा वाढवत गेलो."

"म्हणून बाजारचा कपडा घालू देत नव्हता तिला," बायको हळूच म्हणाली. "मी म्हणायचे, बापाचे लाड."

"लाड पण होतेच."

खालून लोकांचे आवाज येत होते. कुणीतरी कपाची किंमत विचारत होतं.

"तो झगा शूटिंगवाल्यांचा होता," शिंपी म्हणाला. "तिने एक फोन केला असता, तर मी सुईदोरा घेऊन आलो असतो. एवढंसं काम होतं. पण मग सगळ्यांना कळलं असतं ना. नाही केला तिने."

"सगळ्या कपड्यांना होते?"

"सगळ्या."

"आणि दवाखान्यात? तिथे तर त्यांचे कपडे होते. तिथे मला कसं नाही दिसलं?"

"तिथे ती आडवी होती. आडव्या माणसाचे खांदे सारखेच दिसतात."

बायकोने डोळे मिटले. मग तिने उजवा हात उचलला आणि समोर कुणी उभं असावं तसा हवेत, खांद्याच्या उंचीवर धरला.

"घरी असताना रोज सकाळी ती निघायची तेव्हा मी दारात तिच्या खांद्यावर हात ठेवायचे," ती म्हणाली. "ह्याच. डाव्या. म्हणायचे, सांभाळून जा. ती थांबायची तेवढ्यापुरती. एवढी वर्षं."

"हो. मी बघायचो."

"मग माझ्या हाताला काय लागायचं?"

शिंपी पायरीवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

"सांगा ना. काय लागायचं माझ्या हाताला?"

"कापूस," शिंपी म्हणाला.